पूल ओलांडून डाव्या हाताला

दहावीची परीक्षा संपली आणि मी धुळ्याची एसटी पकडली. साल 2006, महिना मे. पाळधी, एरंडोल, पारोळा करत बस धुळ्यात पोहोचेपर्यंत डोक्यावरचा रुमाल दोनदा ओला करून दोनदा सुकला होता. मामाचं घर देवपुरात. तिथे आजी होती, आमरस होता आणि इंजिनीअरिंगला असलेल्या मामेभावाच्या खोलीत एक असेंबल केलेला पीसी होता. पेंटियम फोर, 256 एमबी रॅम, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं आणि समोर टेबल फॅन. आपल्याला वारा नसला तरी चालेल, पीसी तापता कामा नये, असा दादाचा नियम होता.

त्या पीसीवर मी पहिल्यांदा 'मॉरोविंड' पाहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डा कंपनीची फँटसी रोल-प्लेइंग गेम्सची मालिका. 1994 साली 'अरीना', 1996 साली 'डॅगरफॉल', 2002 साली 'मॉरोविंड', 2006 साली 'ऑब्लिव्हियन' आणि 2011 साली 'स्कायरिम'. यातला शेवटचा तुम्ही खेळला असेल, निदान त्याचे मीम्स तरी नक्की पाहिले असतील. या मालिकेत दर नव्या भागानंतर जुने खेळाडू एकच तक्रार करतात, की गेम सोपा करून टाकला, पोरखेळ केला. मीही कितीतरी वर्षं हेच तावातावानं बोलत होतो. या बोलण्यातून मी एकदा माझ्या धाकट्या बहिणीला दुखावलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

मॉरोविंडमध्ये तुम्ही कैदी म्हणून बोटीतून एका छोट्या बंदरावर उतरता. हातात एक पाकीट देतात आणि सांगतात, बाल्मोरा नावाच्या गावी जा, अमुक माणसाला भेट, तो कुठे राहतो ते तिथल्या एका खानावळीत विचार. बस. स्क्रीनवर कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही, नकाशावर ठिपका नाही. गावोगावी जायला हत्तीपेक्षा कितीतरी मोठा एक किडा असतो. त्याच्या पाठीवर बसून भाडं देऊन जायचं, पण तोही ठरलेल्या गावांनाच जातो, आपल्या एसटीसारखा. बाकी सगळं पायी. रस्ता सांगतात ती गेममधली माणसं, इंग्रजीतल्या लांबलचक परिच्छेदांत. नदीवरचा पूल ओलांड, पाटी दिसेल, तिथून वळ, मग चढ लागेल. कधीकधी सांगणारा चुकतोही. तलवार मारली तर ती समोरच्याच्या अंगातून गेलेली डोळ्यांना दिसते, पण आतल्या आत फासे पडलेले असतात आणि दान उलटं पडलं तर वार फुकट जातो.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. ते परिच्छेद मला झेपायचे नाहीत. दादा वाचायचा आणि मला सांगायचा, तेही अहिराणीत, कारण धुळ्याच्या घरात सगळे तेच बोलायचे. "नदीना पूल वलांडीसन डावा हातले वय." पूल ओलांडून डाव्या हाताला वळ. एकदा आजी तांदूळ निवडत दारात बसली होती. तिनं ते ऐकलं आणि विचारलं, "कोन्ता पूल? पांझराना का?" पुढे अर्धा तास ती आम्हाला पांझरेच्या पुलावरून पाचकंदीलला जायचा जवळचा रस्ता सांगत होती.

आजीची रस्ता सांगायची पद्धत आणि त्या गेमची पद्धत हुबेहूब सारखी होती. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पण आजी नंबर कधी सांगायची नाही. ती सांगायची, एकवीरा मातेच्या देवळाकडून निघ, पूल ओलांड, मग अमक्याचं दुकान, तिथे जो बसलेला असेल त्याला विचार. आणि निघताना प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं, "इचारत इचारत जाय, भाऊ."

माझी अहिराणी तेव्हाही मोडकीच होती. जळगावच्या घरी आई आमच्याशी मराठीच बोलायची. शाळेत मुलं हसतील म्हणून तिनं ठरवून घरात अहिराणी बंद केली होती. धुळ्यात मी दोन वाक्यं जोडून बोललो की मामी हसायची. आजी हसायची नाही. ती उत्तर द्यायची.

मॉरोविंड खेळलेल्या कोणालाही विचारा, पहिली अडचण कुठे आली. बरेच जण ड्वेमर पझल बॉक्सचं नाव घेतील. बाल्मोराजवळच्या एका जुन्या भग्नावशेषात जायचं आणि तिथून एक छोटा ठोकळा शोधून आणायचा. तो नेमका कुठे आहे हे कोणीच सांगत नाही. आम्हाला चार दिवस लागले. घरी इंटरनेट नव्हतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आम्ही त्यानुसार दर दहा मिनिटांनी गेम सेव्ह करायचो. वीज गेली की दादा शंभर पानी वहीत पेन्सिलीनं त्या भग्नावशेषाचा नकाशा काढत बसायचा. चौथ्या दिवशी एका बाजूच्या खोलीत, फळीवर, भांड्याकुंड्यांच्या गर्दीत तो ठोकळा दिसला. आम्ही इतक्या जोरात ओरडलो की आजी काठी घेऊन आली. तिला वाटलं साप निघाला.

तर ही माझी सुरुवात. आता तक्रारीकडे येतो.

ऑब्लिव्हियन त्याच वर्षी आला होता, पण आमच्या पीसीला तो झेपणार नव्हता. काही वर्षांनी हॉस्टेलवर मित्राच्या मशीनवर खेळलो आणि चिडलो. स्क्रीनच्या खाली होकायंत्र आणि त्यावर बाण. नकाशावर एखाद्या ठिकाणी क्लिक केलं की थेट तिथे. हवेत तरंगायचा मंत्र गायब. मॉरोविंडमध्ये 27 स्किल्स होती, इथे 21. भाल्याचं स्किल उडालं. कुऱ्हाड तर सोट्या-गदांच्या रांगेत नेऊन बसवली होती, जणू कुऱ्हाडीला धारच नसते. मग स्कायरिममध्ये स्किल्स 18 झाली. ताकद, बुद्धी, चपळाई असे आठ मूळ गुण होते, ते सगळेच गेले आणि उरल्या फक्त आरोग्य, जादू आणि दम या तीन पट्ट्या. स्वतःचे मंत्र तयार करायची सोयही गेली. 35, 27, 21, 18. हा उतरता आलेख मी अनेकांना तोंडपाठ म्हणून दाखवला आहे. आता पुढच्या भागात एकच बटण असेल, असा माझा ठेवणीतला विनोद होता.

पण त्या आलेखातल्या पहिल्या आकड्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं. 35 स्किल्स डॅगरफॉलमधली. 2009 मध्ये बेथेस्डानं तो गेम फुकट उपलब्ध केला तेव्हा मी मोठ्या भक्तिभावानं उतरवून घेतला. म्हटलं, खरा गुंतागुंतीचा गेम हाच असणार. कॅरेक्टर तयार करायला बसलो आणि थबकलो. त्या 35 पैकी नऊ स्किल्स म्हणजे चक्क भाषा होत्या. ऑर्क लोकांची भाषा, राक्षसांची, ड्रॅगनांची, अशा नऊ. ती भाषा तुम्हाला येत असेल तर तो प्राणी तुमच्या अंगावर न येण्याची शक्यता वाढायची. शिवाय सरदार-दरकदारांशी बोलायचं एक स्किल आणि रस्त्यावरच्या माणसांशी बोलायचं वेगळं. मॉरोविंडनं त्या नऊच्या नऊ भाषा काढून टाकल्या होत्या. म्हणजे ज्या गेमला मी मालिकेतला शेवटचा खरा गेम म्हणत होतो, तोही कोणाच्या तरी दृष्टीनं सोपा करून टाकलेला पुढचा भागच होता. 2002 साली डॅगरफॉलवाल्यांनी तीच तक्रार केली होती, जी मी पुढे स्कायरिमबद्दल करत होतो.

नऊ भाषा गेल्याचं मला पहिल्यांदा फार वाईट वाटलं. घरात एक भाषा बंद होताना पाहिली होती ना! मग डॅगरफॉल दोन आठवडे खेळलो तेव्हा कळलं, की त्या भाषा म्हणजे नुसते आकडे होते. ऑर्कची भाषा 40 टक्के येते म्हणजे काय, तर गेम गुपचूप फासे टाकणार आणि ऑर्क एखाद्या वेळी शांत उभा राहणार. त्याच्याशी तुम्ही काही बोलणार नाही, तो तुम्हाला काही सांगणार नाही. बहुतेक खेळाडू त्या स्किल्सच्या वाटेला जायचेच नाहीत. उलट मॉरोविंडमध्ये भाषेचं एकही स्किल नाही, पण माणसांशी बोलल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. आकड्यांच्या तक्त्यात डॅगरफॉल जास्त अवघड दिसतो. पण मला चार दिवस अडकवून ठेवलं, वही काढायला लावलं ते मॉरोविंडनं. मग सोपं झालं की अवघड, हे स्किल्स मोजून कसं ठरवणार? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. मी आलेख पाठ करत राहिलो.

आता 2016. मी पुण्यात नोकरीला, दिवाळीला जळगावला घरी आलेलो. धाकटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तेव्हा बारावीला. तिनं स्टीमच्या सेलमध्ये स्कायरिम घेतला होता, खाऊच्या पैशांतून. माझाच जुना लॅपटॉप, सगळी सेटिंग्ज सर्वांत खाली ओढलेली, तरी पंखा गिरणीसारखा वाजत होता. तिला मला ते दाखवायचं होतं. मी मागे खुर्ची ओढून बसलो आणि सुरू झालो. बघ, बाण दाखवतोय तिकडे जायचं. याला गेम म्हणायचं की मीटरची रिक्षा? आमच्या वेळी असं नव्हतं. ती काही बोलली नाही. खेळत राहिली.

ती एका थडग्यात उतरली. स्कायरिम खेळणाऱ्यांना ही जागा लगेच आठवेल. शेवटी एक मोठा दगडी दरवाजा लागतो. त्यावर तीन फिरणारी कडी आणि प्रत्येक कड्यावर प्राण्यांची चित्रं. तुमच्याकडे सोन्याचा एक पंजा असतो, तोच किल्ली. पण कडी कोणत्या क्रमानं लावायची? बाण तुम्हाला दरवाजापर्यंत आणून सोडतो आणि गप्प बसतो. एका मेलेल्या चोराच्या डायरीत एवढंच लिहिलेलं असतं, की उत्तर तुमच्या तळहातावर आहे. ती पाच मिनिटं कडी फिरवत होती. मग तिनं डायरी पुन्हा उघडली, वाचली, ओठांतल्या ओठांत पुटपुटली. तेवढ्यात मी म्हणालो, "अस्वल, पतंग, घुबड. पंजा उलटा करून बघायचा असतो. लहान मुलांचं कोडं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अस्वल, पतंग, घुबड लावलं, दरवाजा उघडला, गेम सेव्ह केला आणि लॅपटॉप मिटला. "तुझ्या वेळी कोणी असं सांगितलं असतं तर?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर अनेक वर्षं तिनं माझ्याशी गेमबद्दल एक शब्द काढला नाही. मी ज्या गेमला उत्तर आयतं हातात देतो म्हणून नावं ठेवत होतो, त्यानं दिलं नव्हतं. मी दिलं होतं.

या प्रसंगावर मी पुढे बराच विचार केला. तिचीही शाळा मराठी माध्यमातलीच. तिच्या मैत्रिणींपैकी दोघी स्कायरिम खेळायच्या, त्याही तशाच. इंग्रजीतला परिच्छेद वाचून रस्ता शोध म्हटलं असतं, तर त्या तिघींनी पहिल्याच संध्याकाळी गेम बंद केला असता. बाणाला इंग्रजी लागत नाही. मॉरोविंडचे ते परिच्छेद मी स्वतः वाचलेच कुठे होते? मला ते वाचून, उलथून, अहिराणीत सांगणारा माणूस शेजारी बसलेला होता. मला दादा होता, तिला बाण होता. स्कायरिमच्या 2023 पर्यंत सहा कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्याचं सांगतात. त्यातल्या कितीतरी जणांकडे दादा नसणार.

म्हणजे सोपं करणं वाईट नाही, असं म्हणून हा लेख संपवता आला असता. पण माझी तक्रार पूर्ण खोटी होती असंही मला वाटत नाही. स्कायरिममध्ये बाण बंद करता येतो. मी तसं करून खेळून पाहिलं. आणि तेव्हा खरी अडचण कळली. बाण बंद केल्यावर तुम्ही गावातल्या माणसाला विचारायला जाता, तर त्याला रस्ता सांगताच येत नाही. तो म्हणतो, माझी तलवार अमुक गुहेत आहे, आणून दे. गुहा कुठे? पुलापलीकडे की अलीकडे? त्याच्या तोंडी ते वाक्य लिहिलेलंच नाही. त्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. मॉरोविंडमध्ये बहुतेक संवाद नुसते लिहिलेले होते. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक पात्राचं प्रत्येक वाक्य आवाजात रेकॉर्ड व्हायला लागलं. सम्राटाला तर पॅट्रिक स्टुअर्टचा आवाज होता. आवाजाला पैसे लागतात, वेळ लागतो, डिस्कवर जागा लागते. मग बोलणं आखूड होतं. बाण आहेच, तर रस्ता कशाला सांगायचा? बाण खेळाडूच्या मदतीला आला आणि त्याच्या मागून गेममधली माणसं मुकी होत गेली. माझ्या मते नुकसान झालं ते इथे. स्किल्स 18 असोत की 35, त्यानं मला आता फरक पडत नाही.

आणि दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत असंही नाही. 2018 च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये सुरुवातीलाच विचारतात, बाण हवा की माणसांनी शब्दांत सांगितलेल्या खुणा हव्यात. ज्यानं त्यानं निवडावं. 2022 च्या 'एल्डन रिंग'मध्ये कामांची यादीसुद्धा ठेवलेली नाही, तरी जगभर लोक तो खेळले. लोकांना अवघड नको असतं, हे खरं नाही. पहिल्या दारातून आत येता यायला हवं, एवढंच.

आजी 2022 मध्ये गेली. पुढच्या वर्षी तिच्या वर्षश्राद्धाला मी आणि धाकटी जळगावहून गाडीनं धुळ्याला गेलो आणि तिथून आईच्या सांगण्यावरून आजीच्या माहेरच्या शेतावर एक निरोप द्यायला निघालो. मोबाईलच्या नकाशानं डांबरी रस्ता संपेपर्यंत साथ दिली. पुढे निळा ठिपका एका पांढऱ्या पट्टीत उभा. आजूबाजूला कपाशी. मी नेहमीप्रमाणे मोबाईल वर धरून रेंज शोधत होतो. धाकटी उतरली आणि बांधावर बसलेल्या एका बाबांकडे गेली. तिची अहिराणी यूट्यूबवरच्या खान्देशी कॉमेडी व्हिडिओंतून शिकलेली. निम्मी मराठी, मध्येच हिंदी, हेल मात्र पक्का. मी मनातल्या मनात तिच्या चुका मोजत होतो. बाबा हसले, तिचा एक शब्द दुरुस्त केला आणि हातवारे करत रस्ता सांगायला लागले. मग त्यांनाच ते पुरेसं वाटेना, म्हणून स्वतः आमच्या गाडीत येऊन बसले. शेतापर्यंत आले, चहा प्यायले आणि परत जायला त्यांना दुसऱ्या कोणाची मोटरसायकल मिळाली.

माझी अहिराणी तिच्यापेक्षा शुद्ध आहे. मी गाडीतून उतरलो नव्हतो.

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे मी तिला ते पंजाचं कोडं आठवतं का म्हणून विचारलं. "आठवतं की," ती म्हणाली. "अजून राग आहे." मी सॉरी म्हणालो. सात वर्षं उशिरा, पण म्हणालो. ती एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुझा तो किड्याच्या पाठीवर बसायचा गेम मोबाईलवर चालतो का रे?"

चालतो. ओपनएमडब्ल्यू नावाचं एक मुक्त इंजिन हौशी प्रोग्रॅमरनी बनवलं आहे. गेमच्या मूळ फाइल्स आपल्याकडे असल्या की त्यावर मॉरोविंड अँड्रॉइडवरही खेळता येतो. बटणं बोटाखाली झाकली जातात, अक्षरं मुंगीएवढी दिसतात. पण चालतो. मी तिला तो घेऊन दिला, फोनवर चढवून दिला आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

दोन आठवड्यांनी रात्री अकराला तिचा फोन. "तो पझल बॉक्स कुठे आहे? दोन दिवस झाले, डोकं फिरलंय." मला ती खोली, ती फळी, दादाच्या वहीतला तो पेन्सिलीचा चौकोन, सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता. तिला आता इंग्रजी माझ्याइतकंच येतं. परिच्छेद वाचायला दादा लागत नाही. तरी तिनं फोन केला होता.

"आत शिरल्यावर तू कुठल्या बाजूनं गेलीस?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. मी उशाशी वही ओढली आणि ती सांगेल तसा नकाशा काढत गेलो.